पोटामागे आलेल्यांचं शिकागो

शिकागोत आलेला पाहुणा आधी मान वर करतो. नदीतून बोटीची फेरी मारायची, 442 मीटर उंच विलिस टॉवरवर जाऊन काचेच्या सज्जात भीत भीत उभं राहायचं, मग मिलेनियम पार्कमध्ये अनीश कपूर यांच्या त्या चकचकीत शिल्पासमोर फोटो काढायचे, की शिकागो झालं. कपूर मुंबईत जन्मलेले, म्हणून आपल्याला त्याचं जरा जास्तच कौतुक. शिल्पाचं खरं नाव 'क्लाउड गेट', पण गावाने त्याचा 'बीन' करून टाकला. कपूर यांना हे नाव मुळीच रुचलं नव्हतं, पण गावाने त्यांना विचारलं नाही. 168 पोलादी पत्रे जोडून, सांधे घासून घासून ते केलं आहे. जोड कुठे आहे ते बोटालाही लागत नाही. घासणाऱ्यांची नावं कुणी सांगत नाही, आणि मला बघायची होती ती हीच माणसं.

2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरली. गोरे, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय हे तिन्ही गट प्रत्येकी तीस टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे, आशियाई सातेक टक्के. आकडे वाचून वाटतं, किती छान सरमिसळ! 'एल' गाडीची रेड लाइन पकडा आणि उत्तर टोकापासून दक्षिणेकडे निघा, म्हणजे हा समज उतरतो. उत्तरेकडे डब्यात गोरे विद्यार्थी आणि ऑफिसवाले. मधल्या लूप भागात निम्मा डबा रिकामा होतो. चायनाटाउनच्या स्टेशनात भाजीच्या पिशव्या घेऊन चिनी आज्या उतरतात. पस्तिसाव्या रस्त्यावर बेसबॉलचा सामना असला तर शेवटचे गोरे तिथे उतरतात. पुढे थेट पंच्याण्णवाव्या रस्त्यापर्यंत डब्यात बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. शहराचे 77 भाग पाडले आहेत. त्यातले बहुतेक 1920 च्या दशकात शिकागो विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांनी आखले, आणि आजही कागदोपत्री तेच चालतात. ह्यातल्या कुठल्याही भागात गेलं की मी एकच चौकशी करायचे : ही माणसं इथे कोणत्या कामाला आली? बहुतेक वेळा उत्तर पत्त्यातच असायचं.

माझा मुक्काम होता नेपरव्हिलला, मामेबहिणीकडे. तिथून मेट्रा ह्या उपनगरी रेल्वेच्या गाडीने शहरात यायला पाऊण तास ते तास. नेपरव्हिलचा पत्ताही ह्या हिशेबात बसतो. 1960 च्या दशकात टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या बेल लॅब्जने तिथे मोठं केंद्र काढलं, पलीकडे शॉम्बर्गला मोटोरोला होती, आणि 1965 साली अमेरिकेने देशवार कोट्याचा जुना कायदा बदलून शिकलेल्या आशियाई माणसांना दार उघडलं. ताईचे सासरे त्याच लाटेत आले. शहराबाहेरच्या ह्या गावांमध्ये आज इतके मराठी, तेलुगू आणि गुजराती लोक का, ह्याचं निम्मं उत्तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ 1969 सालचं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही 1981 साली इथेच सुरू झालं.

मात्र पहिलं काम होतं खोदाईचं. मिशिगन सरोवर आणि मिसिसिपीचं खोरं ह्यांच्यामधला उंचवटा शिकागोपाशी अगदीच किरकोळ आहे. तेवढा खोदला की पूर्वेचं पाणी दक्षिणेच्या पाण्याला मिळतं, आणि न्यूयॉर्कचा माल बोटीने न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाऊ शकतो. हा कालवा 1848 साली पुरा झाला. तो खणला मुख्यतः आयरिश बिगाऱ्यांनी, आणि त्यांची वस्ती म्हणजे ब्रिजपोर्ट. पुढे ह्याच एका वस्तीने शहराला पाच महापौर दिले. त्यात डेली बाप-लेकांनी मिळून बेचाळीसच्या वर वर्षं खुर्ची धरली. कुदळ ते महापालिका हा प्रवास कसा झाला, तर पोलीस, अग्निशमन आणि नळकाम ह्या खात्यांतून. सेंट पॅट्रिकच्या सणाला नदी हिरवीगार करतात ना, तो उद्योगही नळकाम करणाऱ्यांच्या युनियनचा. सांडपाणी कुठून नदीत झिरपतंय ते शोधायला प्लंबर लोक एक रंग वापरत. 1962 साली युनियनच्या पुढाऱ्याला सुचलं, की हाच रंग भरपूर टाकला तर अख्खी नदी आयरिश होईल. पूड दिसते नारिंगी आणि पाण्यात पडली की हिरवी होते. आजही टाकतात ते प्लंबरच.

ब्रिजपोर्टच्या आसपास हिवाळ्यात आणखी एक रिवाज पाहायला मिळतो, म्हणे. घरासमोरचा बर्फ उकरून गाडीपुरती जागा केली, की कामावर जाताना तिथे मोडकी खुर्ची किंवा इस्त्रीचं टेबल ठेवून जायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा हक्क. कायद्यात तो कुठेच नाही, पण खुर्ची हलवणाऱ्याच्या गाडीची सकाळी खैर नाही. 'अगं, इथे लोक बायको-नवऱ्याचं भांडण मिटवतील, पण खुर्चीचं नाही,' ताई म्हणाली. तिला अर्थातच स्वतःचं गॅरेज आहे.

ब्रिजपोर्टच्या नैर्ऋत्येला युनियन स्टॉकयार्ड्स होती. 1865 च्या नाताळात उघडलेला हा जनावरांचा बाजार आणि कत्तलखाना 1971 साली बंद पडला. हाल्स्टेड रस्त्यावरून आत एक्स्चेंज अव्हेन्यूला वळलं की एक एकाकी दगडी कमान दिसते. आजूबाजूला गोदामं आणि ट्रकांची वर्दळ. चुनखडीच्या दगडातली मोठी मधली कमान, बाजूला माणसांना आत यायला लहान दरवाजा, वर टोकदार छपराचा बुरूज. मधल्या कमानीच्या डोक्यावर बैलाचं मुंडकं कोरलं आहे. त्याचं नाव शर्मन. बाजाराच्या कारभाऱ्याचं नाव दिलेला हा बक्षीसपात्र बैल. ह्या दारातून आत गेलेल्या कोट्यवधी जनावरांमध्ये नाव राहिलं ते त्याचं एकट्याचं. कमानीच्या मागे अग्निशमन दलाचं स्मारक आहे. 1910 च्या डिसेंबरात इथल्या एका गोदामाला आग लागली, भिंत कोसळली, आणि 21 जवान गेले.

मी शाकाहारी घरातली, त्यामुळे तिथे उभं राहताना पोटात थोडं ढवळलं, हे खरं. पण ह्या कमानीच्या आत जे शोधून काढलं गेलं त्यावर आपलं सगळं जग आज चालतं. धड आकड्याला लटकवून पुढे सरकत ठेवायचं आणि प्रत्येक माणसाने एकाच जागी उभं राहून एकच काप मारायचा. एकाने मान, दुसऱ्याने कातडी, तिसऱ्याने मागचा पाय. हेन्री फोर्डने मोटारी जुळवण्याच्या रांगेची कल्पना ह्या प्राणी सुटे करण्याच्या रांगेवरून घेतली. एकेक कापाचं काम शिकायला भाषा लागत नाही. गावात काल उतरलेला माणूस आज सुरी धरू शकतो. त्यामुळे बाजार वाढला तसे आधी आयरिश आणि जर्मन, मग पोलिश, लिथुआनियन, स्लोवाक, आणि शेवटी दक्षिणेतले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन असे थरावर थर चढत गेले. एका वेळी चाळीस हजारांच्या घरात माणसं कामाला होती. मालकांना ही विविधता फार सोयीची होती. जुन्यांनी संप केला की नव्यांना आत घ्यायचं. 1904 च्या संपात कृष्णवर्णीय मजुरांना असंच आणलं गेलं, आणि त्या रागाचं विष पुढे कित्येक वर्षं पुरलं.

अप्टन सिंक्लेरची 'द जंगल' ही कादंबरी 1906 साली आली. नायक लिथुआनियन, जागा हीच. सिंक्लेरला कामगारांचे हाल दाखवायचे होते. वाचकांना काळजी लागली ती आपल्या ताटातल्या मांसाची, आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. कामगारांना न्याय मिळायला आणखी तीस-पस्तीस वर्षं गेली. कत्तलखान्यांची घाण ज्या ओढ्यात सोडत त्याला 'बबली क्रीक' म्हणतात. तळाशी साठलेला गाळ कुजून अजूनही पाण्यावर बुडबुडे येतात. पुलावर पाच मिनिटं थांबलात तर दिसतील. काठाने आता नवी घरं झाली आहेत, आणि मुलं छोट्या नावा वल्हवायला येतात.

दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचं नाव ब्रॉन्झव्हिल. किंग ड्राइव्हवर, सव्विसाव्या रस्त्यापाशी, रस्त्याच्या मधोमध एका माणसाचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. ॲलिसन सार ह्या शिल्पकर्तीने तो 1996 साली केला. दुरून पाहिलं तर माणसाने खवल्याखवल्यांचा सूट घातलाय असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, की ते खवले म्हणजे बुटांचे झिजलेले तळवे आहेत, एकावर एक शिवलेले. हातात दोरी बांधलेली पेटी. तोंड उत्तरेकडे. 1916 पासून 1970 पर्यंत पाच लाखांहून जास्त कृष्णवर्णीय माणसं मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाकडून शिकागोला आली. कापसाच्या मळ्यातली वेठ आणि गोऱ्या जमावाचं भय मागे टाकून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीत बसायचं आणि शेवटच्या स्टेशनात उतरायचं. त्यांना बोलावणं धाडलं ते 'शिकागो डिफेंडर' ह्या वर्तमानपत्राने. रॉबर्ट ॲबट ह्यांनी ते 1905 साली काढलं होतं. दक्षिणेत ते उघडपणे विकणं धोक्याचं, म्हणून त्याचे गठ्ठे पोचवायचे पुलमनच्या शयनगाड्यांवरचे पोर्टर.

ह्या पोर्टरांसाठी मी मेट्राच्या दुसऱ्या गाडीने शहराच्या दक्षिण टोकाला, पुलमनला गेले. जॉर्ज पुलमनने 1880 च्या दशकात आलिशान शयनगाड्यांचा कारखाना काढला आणि भोवती कामगारांचं अख्खं गाव वसवलं. लाल विटांची नेटकी घरं, बाजार, चर्च, हॉटेल, सगळं कंपनीचं. आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि घरांत लोक राहतात. 1893 च्या मंदीत पुलमनने पगार कापले पण भाडी कापली नाहीत. म्हणजे एका हाताने कमी द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तेवढंच घ्यायचं. 1894 च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, आणि शेवटी केंद्र सरकारने सैन्य आणून मोडला. संप चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड ह्यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगारांची सुट्टी म्हणून जाहीर करणाऱ्या कायद्यावर सही केली. गंमत अशी, की ज्या रेल्वे युनियनने हा संप पुकारला तिने कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारलं होतं.

गाडीच्या आतलं काम मात्र कृष्णवर्णीयांचंच. बिछाने घालणं, बूट चमकवणं, सामान उचलणं, रात्रभर घंटीला ओ देणं. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज. पूर्ण पगारासाठी महिन्याला 400 तास काम किंवा 11,000 मैल प्रवास भरावा लागे, आणि पगार इतका तुटपुंजा की घर चालायचं बक्षिशीवर. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची युनियन काढली. कंपनीशी करार व्हायला 1937 उजाडलं. तिथे पोर्टरांचं छोटं संग्रहालय आहे. माहिती सांगणाऱ्या बाई सत्तरीच्या. एका फोटोतल्या पांढऱ्या कोटातल्या माणसाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, 'माझे आजोबा ह्याच कामावर होते. त्यांना इंग्रजी साहित्यातलं इतकं यायचं! प्रवासी डब्यात पुस्तकं टाकून जायचे ना.' शिकागोच्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा पाया ह्या बिछाने घालणाऱ्यांनी घातला.

मात्र वस्तीच्या बाहेर पाय टाकायची सोय नव्हती. 27 जुलै 1919 रोजी युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एकोणतिसाव्या रस्त्याजवळच्या किनाऱ्यावर तराफ्यावर खेळत होता. पाण्यात गोऱ्यांची आणि काळ्यांची हद्द होती, न आखलेली. तराफा वाहत पलीकडे गेला, काठावरच्या गोऱ्या माणसाने दगड मारले, मुलगा बुडाला. पोलिसांनी त्या माणसाला पकडायचं नाकारलं. त्यानंतर आठवडाभर दंगल चालली. त्यात 38 माणसं मेली, 23 कृष्णवर्णीय आणि 15 गोरी. पुढे घरांच्या खरेदीखतांतच 'काळ्यांना विकणार नाही' अशी कलमं आली, बँकांनी कर्जं अडवली. 1966 साली मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी घरांच्या प्रश्नावर इथे मोर्चे काढले, तेव्हा मार्केट पार्कमध्ये त्यांना डोक्यात दगड बसला. रेड लाइनच्या डब्यात माणसं जशी उतरतात त्यामागे हा सगळा इतिहास आहे. आवडीनिवडीने कुणी असं वाटून राहत नाही.

लूपच्या पश्चिमेला, डेप्लेन्स रस्त्यावर एक शिल्प आहे. चेहरे नसलेल्या माणसांनी एक गाडा उभारलाय की मोडलाय, कळत नाही. 2004 साली बसवलेलं हे हेमार्केटचं स्मारक. 1 मे 1886 ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत संप सुरू झाला, आणि त्याचा सगळ्यात मोठा जोर शिकागोत होता. 3 तारखेला मॅकॉर्मिक कारखान्यापाशी पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधाची सभा 4 तारखेला संध्याकाळी इथे भरली, एका गाड्यावर उभं राहून भाषणं झाली. पाऊस येऊ लागला, माणसं पांगू लागली, आणि तेवढ्यात पोलीस आले. कुणीतरी बॉम्ब टाकला. तो कुणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही. सात पोलीस मेले, गोळीबारात कामगारही मेले. आठ जणांना दोषी ठरवलं, त्यांतले बहुतेक जर्मन स्थलांतरित. चौघांना 1887 च्या नोव्हेंबरात फाशी दिली, पाचव्याने कोठडीत जीव दिला. उरलेल्या तिघांना 1893 साली गव्हर्नर अल्टगेल्ड ह्यांनी माफी दिली, खटला अन्याय्य होता असं लिहून दिली, आणि त्यापायी स्वतःचं राजकारण गमावलं.

ह्याच दिवसांची आठवण म्हणून 1889 साली पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी 1 मे हा जगाचा कामगार दिन ठरवला. आपल्याकडे 1960 पासून तोच महाराष्ट्र दिनही झाला. शिकागोत त्या दिवशी ऑफिसं चालू असतात! मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागत होते, तो काळही हाच. त्यांची मोठी सभा 1884 ची, आणि रविवारची सुट्टी मिळाली 1890 साली. पंडिता रमाबाई 1886 च्या मार्चमध्ये अमेरिकेत उतरल्या होत्या. म्हणजे हेमार्केटची बातमी आली तेव्हा त्या ह्याच देशात होत्या. त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' 1889 सालचं. अमेरिकेतल्या माणसांबद्दल मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या बाईंच्या मागूनच चालावं लागतं.

स्मारकाच्या चौथऱ्यावर देशोदेशीच्या युनियननी आपापल्या पाट्या आणून बसवल्या आहेत. मी जाऊन बघेपर्यंत मला वाटत होतं, की मे दिन शिकागोने साफ विसरून टाकला. पण 2006 साली तो परत आला, आणि आणला स्थलांतरितांनी. बिनकागदपत्रांच्या माणसांना गुन्हेगार ठरवणारं विधेयक येऊ घातलं होतं. त्याविरुद्ध त्या 1 मेला लाखो माणसं काम बंद ठेवून शिकागोच्या रस्त्यावर उतरली. त्यांत मेक्सिकन सर्वांत जास्त.

त्यांची जुनी वस्ती पिल्सन. नाव झेक, कारण आधी इथे बोहेमियातले लाकूडकामगार आणि शिंपी राहत. 1892 सालचं त्यांचं थालिया हॉल नावाचं नाट्यगृह अजून आहे. 1960 च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी शेजारची वस्ती पाडली, तेव्हा तिथले मेक्सिकन इकडे सरकले. (जेन ॲडम्स यांनी 1889 साली स्थलांतरितांसाठी काढलेल्या हल हाउसच्या बहुतेक इमारतीही त्याच पाडापाडीत गेल्या. मूळ घर संग्रहालय म्हणून राहिलं.) पिल्सनमध्ये कित्येक घरं रस्त्यापेक्षा खाली आहेत. गटारं घालायला महापालिकेने रस्ते उचलले, घरं होती तिथेच राहिली. अंगणात उतरायला चार पायऱ्या आणि वरच्या मजल्याला लहानसा पूल.

सकाळी साडेसहाला अठराव्या रस्त्याच्या स्टेशनबाहेर एक बाई तामालेचा डबा घेऊन उभी होती. मक्याच्या सालपटात गुंडाळून उकडलेले ते लांबट गोळे. लाल रश्शातलं डुक्कर, हिरव्या रश्शातली कोंबडी, आणि माझ्या वाटचं मिरची-चीज. निळ्या शीतपेटीत टॉवेलांच्या घड्यांत ते गरम राहतात. समोर रांगेत दहा-बारा जण, बहुतेकांच्या बुटांवर सिमेंट. कुणी दोन घेई, कुणी सहा, आणि बाई पैसे हातमोज्याच्या हाताने घेत नव्हती, त्यासाठी दुसरा हात मोकळा. आठ वाजता डबा रिकामा, बाई पुढच्या कामाला. स्टेशनच्या जिन्यावर, भिंतींवर, रेल्वेच्या बांधावर चित्रंच चित्रं. नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट इथेच आहे, 1987 पासून, आणि प्रवेश फुकट. ते चुकवू नका.

पण चित्रं पाहायला येणाऱ्यांनीच भाडी चढवली. आता इथे महागड्या कॉफीची दुकानं आहेत, आणि मेक्सिकन कुटुंबं सव्विसाव्या रस्त्यावरच्या लिटल व्हिलेजकडे आणि त्याच्याही पलीकडे सरकत चालली आहेत. 2025 च्या शरदात केंद्र सरकारच्या इमिग्रेशनवाल्यांनी शहरात धाडी घातल्या, तेव्हा लिटल व्हिलेजमधले लोक गळ्यात शिट्ट्या अडकवून फिरत होते. गणवेशवाले दिसले की शिट्टी. ताई सांगत होती, की तिच्या घराचं छप्पर दुरुस्त करणाऱ्या टोळीतले दोघे त्या दिवसांत कामावर आलेच नाहीत.

ग्रीकटाउन, युक्रेनियन व्हिलेज, आर्गाइल रस्त्यावरचे व्हिएतनामी, मिलवॉकी अव्हेन्यूवरचे पोलिश, ह्यांना मी धावती भेट दिली. त्यांच्यावर लिहायला माझ्यापाशी जेवणाखेरीज फारसं नाही. ग्रेसलँड दफनभूमीत मात्र दुपार गेली. जॉर्ज पुलमन इथे आहे. चिडलेले कामगार उकरून काढतील ह्या भीतीने त्याची शवपेटी काँक्रीटच्या ठोकळ्यात घालून वर रेल्वेचे रूळ जखडले. हेमार्केटच्या तिघांना सोडणारे अल्टगेल्डही इथेच. आणि फजलुर रहमान खान. 1929 साली ढाक्यात जन्मलेला, शिबपूर आणि ढाका इथे शिकलेला हा अभियंता नसता तर शिकागोचं ते आकाश नसतं. नळ्यांची मोळी बांधून इमारत उभी करायची त्यांची युक्ती, तिच्यावरच 110 मजली सीअर्स टॉवर, म्हणजे आताचा विलिस, उभा आहे. 1971 साली बांगलादेशासाठी त्यांनी शिकागोतून मदतकार्यही चालवलं. टॉवरच्या पायथ्याशी त्यांच्या नावाची पाटी आहे. वर जाणाऱ्या रांगेतल्या किती देशी माणसांनी ती वाचली असेल, देव जाणे.

विवेकानंदांच्या नावाचा रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो. 11 सप्टेंबर 1893 चं त्यांचं भाषण झालं ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट. 2010 साली मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी त्याच भाषणाचा मजकूर तिथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडला होता. रंग घेतले होते अमेरिकेच्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्यांचे, पाचच्या पाच.

डेव्हन अव्हेन्यूला मी रात्री गेले, कारण तो रस्ता रात्री जागा असतो. रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग म्हणतात, दुसऱ्याला जिना वे, तिसऱ्याला शेख मुजीब वे, आणि जरा पुढे गोल्डा मेयर. चौघांना एका रांगेत बसवायची किमया महापालिकेशिवाय कुणाला जमली नसती. आधी हा ज्यूंचा बाजार होता. 1974 साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान इथे उघडलं, आणि आता अमेरिकाभर त्यांच्या शाखा आहेत. त्यामुळे नेपरव्हिलकरांना कोथिंबिरीसाठी डेव्हनला यायचं कारण उरलं नाही. आता इथे नव्याने येणारे आहेत ते हैदराबादी, पाकिस्तानी आणि म्यानमारमधून परागंदा झालेले रोहिंग्या. रोहिंग्यांचं सांस्कृतिक केंद्रही 2016 पासून ह्याच रस्त्यावर आहे. तिथे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात.

गरीब नवाज नावाच्या खानावळीत टॅक्सीवाल्यांची गर्दी होती. थाळा स्वस्त, पाणी स्वतः घ्यायचं, टेबल जो आधी पोचेल त्याचं. शेजारी बसलेले गृहस्थ हैदराबादचे, सव्वीस वर्षं टॅक्सी चालवलेले, आता ॲपवर गाडी चालवणारे. टॅक्सीचा परवाना कर्ज काढून घेतला होता, ॲप आले आणि त्याची किंमत मातीमोल झाली. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं. मुलगी फार्मसी शिकतेय. 'आप बम्बई के हैं क्या?' त्यांनी विचारलं. पुण्याची म्हटल्यावर म्हणाले, 'एकच, एकच.' पुण्यात हे बोलले असते तर निभावलं नसतं.

त्यांनीच मला युनियन स्टेशनला सोडलं. वाटेत फोन आला, बराच वेळ चालला. पुढच्या महिन्यात त्यांचा मेव्हणा येतोय. लायसन्स हातात येईपर्यंत त्याला जोलिएटच्या गोदामात लावून द्यायचं ठरलंय, कारण अमेरिकेतली साधारण चौथ्या हिश्शाची रेल्वे मालवाहतूक शिकागोतून जाते आणि तिथे रात्रपाळीला माणसं कमीच पडतात. मुकादम कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, मेक्सिकन आहे, माणूस चांगला आहे, ईदला सुट्टी देतो.